ओळख आणि प्रतिकार : गव्हाच्या तांबेऱ्याची रेणवीय मीमांसा

गव्हाच्या एका रोगाला मराठी शेतकऱ्याने दोन नावे दिली आहेत : तांबेरा आणि गेरवा. दोन्ही नावे रंगावरून पडलेली आहेत. रोगट खोडावर व पानांवर ज्या लांबट पुळ्या फुटतात त्यांतील भुकटी तांबूस विटकरी असते. पीक पिकत आले म्हणजे त्याच पुळ्या काळ्या पडतात. नाव लक्षणाला मिळालेले आहे आणि व्यवहारापुरते ते पुरेसेही आहे. शास्त्राचा प्रश्न मात्र निराळा आहे. एकाच शिवारात, एकाच हवेत, एकाच आठवड्यात पेरलेल्या दोन वाणांपैकी एक तांबेऱ्याने करपून जातो आणि दुसरा हिरवा राहतो, हे कसे घडते? आणि आज हिरवा राहिलेला वाण काही वर्षांनी त्याच रोगाला बळी का पडतो? वरवर पाहता हे दोन प्रश्न भिन्न वाटतात. परंतु गेल्या काही दशकांतील संशोधनाने असे दाखवून दिले आहे की, दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी, म्हणजे वनस्पतीच्या पेशीतील व कवकाच्या पेशीतील विशिष्ट रेणूंच्या परस्परसंबंधात आहे. त्या संबंधाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. परोपजीव्याचा प्रवेश

खोडावरील तांबेरा ज्या कवकामुळे होतो त्याचे शास्त्रीय नाव पुक्सिनिया ग्रॅमिनिस. हे कवक पूर्णतः परोपजीवी आहे. मेलेल्या पेशीवर त्याचा निर्वाह होत नाही. आश्रयदात्या वनस्पतीची पेशी जिवंत ठेवूनच त्याला तिच्यातील अन्न घ्यावे लागते. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली तर पुढचे सारे विवेचन सुगम होते.

वाऱ्याबरोबर आलेला बीजाणु पानावर पडतो आणि दवाचा ओलावा मिळताच रुजतो. त्यातून निघालेली सूक्ष्म नलिका पर्णरंध्राचा शोध घेते. हा शोध बहुतांशी स्पर्शाने चालतो. घेवड्याच्या तांबेऱ्यावर १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, सुमारे अर्धा मायक्रॉन उंचीचा कंगोरा वाटेत आला की नलिकेची वाढ थांबते व तिचे टोक फुगून चिकटून बसते. घेवड्याच्या पर्णरंध्राच्या ओठाची उंची साधारण तेवढीच असते. रंध्रातून आत शिरल्यावर कवकाचे तंतू पेशींच्या मधल्या पोकळीत पसरतात आणि मग एकेका पेशीत एक विशेष अवयव घुसवितात. जर्मन कवकशास्त्रज्ञ आंटोन डी बारी ह्याने एकोणिसाव्या शतकात त्याला जे नाव दिले ते ‘ओढून घेणे, पिणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूवरून घेतलेले आहे. मराठीत त्यास ‘शोषकांग’ म्हणणे सार्थ ठरेल.

शोषकांग पेशीभित्तिका भेदते, परंतु तिच्या आतील नाजूक पेशीपटल फाडीत नाही. ते पटल आत ढकलले जाऊन शोषकांगाभोवती वेष्टनासारखे राहते. अशा रीतीने कवक आणि वनस्पती ह्यांच्यामध्ये एक अतिशय अरुंद अवकाश निर्माण होतो. ह्या अवकाशातून शर्करा कवकाकडे जाते. बाकल्याच्या तांबेऱ्यात ती वाहून नेणारे प्रथिन शोषकांगाच्या पटलात असल्याचे २००१ साली सिद्ध झाले. उलट दिशेने कवकाची प्रथिने वनस्पतीच्या पेशीत शिरतात. पेशीचा रोगाशी जो काही व्यवहार होतो त्याचा मोठा भाग ह्या अवकाशात घडतो.

२. पहिली तटबंदी

वनस्पतीला प्राण्यांप्रमाणे रक्तात फिरणाऱ्या रक्षकपेशी नाहीत. तिच्या प्रत्येक पेशीला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते. त्यासाठी पेशीच्या बाह्य पटलावर काही ग्राहक प्रथिने असतात. कवकाच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचे द्रव्य असते. वनस्पतीच्या शरीरात ते मुळीच नसते. त्यामुळे कायटिनचा एखादा तुकडा म्हणजे परकीयाच्या आगमनाची खात्रीची खूण ठरते. भातामध्ये ही खूण धरणाऱ्या ग्राहकाचा शोध २००६ साली लागला. ग्राहकाला कायटिन चिकटताच काही मिनिटांत पेशीत कॅल्शियमचा ओघ येतो, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, भित्तिकेवर कॅलोजचे थर बसतात आणि कायटिन कुरतडणारी विकरे स्रवतात. निसर्गातील बहुसंख्य कवके बहुसंख्य वनस्पतींना अपाय करू शकत नाहीत, ह्याचे एक कारण ही पहिली तटबंदी होय.

परंतु कवकही निष्क्रिय राहत नाही. टोमॅटोच्या पानांवर वाढणारे एक कवक ह्याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे एक प्रथिन त्याच्या स्वतःच्या कायटिनवर आच्छादनासारखे बसून वनस्पतीच्या विकरांपासून त्याचे रक्षण करते. दुसरे प्रथिन सुटे झालेले कायटिनचे तुकडे इतके घट्ट धरून ठेवते की ते ग्राहकापर्यंत पोहोचतच नाहीत. वनस्पतीचा प्रतिकार दडपण्यासाठी कवक जी प्रथिने बाहेर सोडते त्यांना येथे ‘प्रभावक’ म्हटले आहे. तांबेऱ्याच्या कवकाच्या जनुकसंचात अशी प्रथिने घडविणारी शेकडो जनुके असावीत असे अनुमान आहे.

३. जनुकास जनुक

दुसऱ्या तटबंदीचा शोध रेणूंच्या अभ्यासाच्या पुष्कळ आधी, केवळ संकरांच्या गणितातून लागला. केंब्रिज येथे रोलंड बिफेन ह्याने १९०५ साली पिवळ्या तांबेऱ्याचा प्रतिकार मेंडेलच्या नियमांनुसार वंशपरंपरेने उतरतो असे दाखविले. पुढे अमेरिकेत मिनेसोटा येथे स्टॅकमन व त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की तांबेऱ्याचे कवक एकजिनसी नाही. दिसण्यात अगदी सारखे परंतु वेगवेगळ्या वाणांवर वाढणारे असे त्याचे अनेक वंश आहेत. हे वंश ओळखण्यासाठी त्यांनी १२ गहूवाणांचा एक पारखसंच ठरविला. त्या संचात ‘खपली’ हे नाव आहे. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक ह्या भागांतील शेतकऱ्यांचा, मळणीनंतरही दाण्यावरील टरफल न सुटणारा हा गहू १९२२ पासून जगभरच्या तांबेरासंशोधनाच्या परिभाषेत आपल्या मराठी नावानिशी वावरत आहे. ऑस्ट्रेलियात त्याचा ‘स्टाइनवेडेल’ ह्या वाणाशी संकर झाला तेव्हा संततीचे नावही ‘खॅपस्टाइन’ असे जोडशब्दाने बनले.

एका बाजूस वाणांचे भेद आणि दुसऱ्या बाजूस वंशांचे भेद. ह्या दोहोंचा मेळ घातला तो नॉर्थ डाकोटातील हॅरल्ड फ्लोर ह्याने. त्याचा विषय जवसावरील तांबेरा हा होता. इतरांचे बहुतेक काम केवळ वनस्पतीच्या संकरांवर होते. फ्लोरने वनस्पतीचे आणि कवकाचे, असे दोन्ही बाजूंचे संकर करून पाहिले. १९४० नंतरच्या दोन दशकांत त्याने जो सिद्धान्त मांडला तो असा : वनस्पतीतील प्रत्येक प्रतिकार-जनुकाच्या तोडीस तोड असे एक जनुक कवकात असते, आणि ही दोन्ही जनुके हजर असतील तरच प्रतिकार घडतो. दोहोंपैकी एक नसेल तर रोग होतो.

येथे परिभाषेचा एक पेच आहे व तो सोडविल्याशिवाय पुढे जाणे हिताचे नाही. कवकातील ह्या जनुकास ‘अनुग्रता-जनुक’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या योगे कवक उग्र राहत नाही असे जनुक. स्वतःलाच निष्प्रभ करणारे जनुक कवकाने जवळ का बाळगावे, असा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात साहजिकच येतो. उत्तर असे की, हे नाव जनुकाच्या कार्यावरून पडलेले नसून विशिष्ट वाणाच्या सान्निध्यात दिसणाऱ्या परिणामावरून पडलेले आहे. ते जनुक वस्तुतः एखादे प्रभावक प्रथिन घडविते व कवकाला ते उपयोगाचे असते. गव्हाच्या एखाद्या वाणाने तेच प्रथिन ओळखले की कवकाचे साधनच त्याच्या आगमनाची वर्दी देते. ‘तांबेरा’ हे नाव जसे लक्षणावरून पडले तसेच हेही. दोन्ही ठिकाणी नावावरून कारण ओळखू पाहणारा फसतो.

४. ओळखीचे यंत्र

‘ओळखणे’ हे क्रियापदही येथे लक्षणेने वापरलेले आहे. पेशीला मन नाही. ओळख म्हणजे दोन रेणूंच्या आकारांचा व विद्युद्भारांचा मेळ बसणे, आणि त्या मेळामुळे त्यांपैकी एकाचे रूप पालटणे. जवसातील एल ६ हे प्रतिकार-जनुक १९९५ साली वेगळे काढण्यात आले, आणि त्याचे प्रथिन कवकाच्या प्रभावकाला प्रत्यक्ष चिकटते हे २००६ साली दाखविता आले. फ्लोरने केवळ गणिताने मानलेल्या जोडीचे दोन्ही घटक अशा रीतीने हाती आले.

गव्हाच्या बाबतीत एसआर ३५ हे जनुक २०१३ साली, त्याचा जोडीदार प्रभावक २०१७ साली आणि दोघांची संयुक्त रचना २०२२ साली स्पष्ट झाली. एसआर ३५ चे प्रथिन पेशीच्या आत सुप्तावस्थेत असते. प्रभावक त्याला चिकटला की ते उलगडते, आणि अशी पाच प्रथिने एकत्र येऊन पंचारी चक्रासारखा एक व्यूह बनतो. ह्या व्यूहातून कॅल्शियमचे कण पेशीत लोटतात व अखेर ती पेशी मरते. स्टॅकमनने १९१५ साली ज्या घटनेला ‘अतिसंवेदनशीलता’ म्हटले होते तिच्या मुळाशी असलेले यंत्र ते हेच. कवकाला जिवंत पेशीच हवी असल्याने त्याचा स्पर्श झालेली पेशी मरण पावली की त्याचे अन्न तुटते. प्रतिकारक्षम पानावर जे सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसतात ते अशा पेशींच्या समुदायांचे अवशेष होत.

प्रत्येक ओळख मात्र इतकी प्रत्यक्ष नसते. कित्येकदा ग्राहक प्रथिन प्रभावकाकडे न पाहता, प्रभावक ज्या प्रथिनात बिघाड करू पाहतो त्याच्यावर लक्ष ठेवून असते. भातावरील करपा रोगात ह्याहून चमत्कारिक प्रकार दिसतो. प्रभावकाच्या लक्ष्यासारखा दिसणारा एक भाग ग्राहकाच्या अंगातच जोडलेला असतो. प्रभावक त्याला लक्ष्य समजून चिकटतो व सापडतो. शिकारी हरिण धरण्यासाठी पाळीव हरिण पुढे करतो, तशातलाच हा प्रकार म्हणावयाचा.

५. ओळखीचा अपाय

आतापर्यंतच्या विवेचनावरून ओळख म्हणजे प्रतिकार व अनोळख म्हणजे रोग, असा सरळ नियम कोणी बांधील. परंतु तो सर्वत्र लागू पडत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत ‘व्हिक्टोरिया’ ह्या वाणापासून काढलेले ओटचे वाण मोठ्या क्षेत्रावर पेरले जात होते, कारण ओटवरील तांबेऱ्याला ते दाद देत नसत. १९४६ साली त्यांच्यावर एका नव्या करप्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. हा करपा त्याच वाणांवर येई. इतर वाण सुरक्षित राहत. त्याचे कारण ठरलेले कवक ‘व्हिक्टोरिन’ नावाचे विष स्रवते, आणि त्या विषाला पेशी प्रतिसाद देते तो प्रतिकारासाठीच असलेल्या यंत्रणेने. तांबेऱ्याचा प्रतिकार व ह्या करप्याची बाधा ही दोन लक्षणे संकराने वेगळी करण्याचे प्रयत्न वारंवार निष्फळ ठरले.

ह्यातील मर्म सोपे आहे. तांबेऱ्याला जिवंत पेशी हवी असते. म्हणून पेशीचा मृत्यू त्याला मारक. करप्याचे हे कवक मेलेल्या पेशीवर जगते. म्हणून पेशीचा मृत्यू त्याला पोषक. यंत्र तेच, कळ तीच. ती दाबणारा बदलला की फळ उलटे. गव्हावरील पर्णठिपक्यांच्या रोगातही कवकाचे एक विषप्रथिन गव्हाच्या एका विशिष्ट जनुकाच्या आधारेच पेशी मारते. सारांश, प्रतिकार हा वनस्पतीचा निरपेक्ष गुण नसून तो वनस्पती व विशिष्ट कवक ह्यांच्यातील संबंध आहे.

६. वाणाचे आयुष्य

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल. प्रतिकार जर एका प्रथिनाच्या ओळखीवर अवलंबून असेल, तर ते प्रथिन बदलणे वा गाळणे एवढेच कवकाला पुरेसे आहे. एसआर ३५ ला चकविणाऱ्या काही वंशांत अगदी हेच आढळले : जनुकसंचातील एक फिरता तुकडा प्रभावकाच्या जनुकात घुसून ते निकामी झालेले होते. रोगट शेतात बीजाणूंची संख्या अगणित असते. त्यांपैकी एखाद्यात असा बदल झाला आणि आसपास सर्वत्र एकच वाण पेरलेला असला, तर त्या एका बीजाणूची संतती साथ पसरविण्यास समर्थ ठरते.

१९९८ साली युगांडात गव्हाच्या प्रयोगशेतांवर जो वंश आढळला व जो पुढे ‘यूजी ९९’ ह्या नावाने प्रसिद्धीस आला, त्याने एसआर ३१ ह्या जनुकाचा प्रतिकार मोडला. राय ह्या धान्यापासून गव्हात आणलेले हे जनुक अनेक देशांतील वाणांत वापरलेले होते. भारतात मोठ्या प्रमाणावर पेरल्या गेलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ ह्या वाणातही ते होते. केनिया, इथिओपिया, सुदान, येमेन व इराण येथपर्यंत ह्या वंशाचा प्रसार नोंदला गेला. त्याच्या उत्पत्तीविषयी २०१९ साली एक अनपेक्षित गोष्ट उजेडात आली. तांबेऱ्याच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रके असतात; दोन भिन्न वंशांचे तंतू एकत्र येऊन त्यांच्यात संबंध केंद्रकाची अदलाबदल झाली व त्यातून यूजी ९९ जन्मला. लैंगिक प्रजननावाचूनही कवक एका झेपेत नवी जुळणी साधू शकते, हे त्यावरून दिसून आले.

इथिओपियातील अनुभव अधिक बोलका आहे. २०१० साली तेथे पिवळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आल्यानंतर ‘दिगालू’ ह्या वाणाचा प्रसार करण्यात आला, कारण तो पिवळा तांबेरा व यूजी ९९ ह्या दोहोंना तोंड देत असे. २०१३ च्या हंगामात खोडावरील तांबेऱ्याच्या एका निराळ्याच वंशाने त्या वाणाची शेतेच्या शेते उद्ध्वस्त केली. एका संकटावर योजलेला उपाय, सर्वांनी एकदम योजल्यामुळे, दुसऱ्या संकटाची वाट बनला.

भारतातही हा प्रश्न दूरचा नाही. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात खोडावरील तांबेऱ्याने गव्हाचा मोठा विध्वंस केला. त्यापूर्वीच आग्रा येथील करमचंद मेहता ह्यांनी दीर्घ परिश्रमांती असे सिद्ध केले होते की, मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात तांबेऱ्याचा निभाव लागत नाही. तो डोंगराळ भागात टिकून राहतो व तेथून वाऱ्याबरोबर दरवर्षी नव्याने खाली येतो. खोडावरील तांबेऱ्याच्या बाबतीत निलगिरी व पळणी ह्या दक्षिणेकडील डोंगररांगा हे प्रमुख उगमस्थान होय. दख्खनचा गहू त्याच्या वाटेवरच पडतो. महाबळेश्वर येथे गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारे केंद्र असण्याला म्हणूनच विशेष अर्थ आहे.

७. टिकाऊ प्रतिकाराचा मार्ग

सर्वच प्रतिकार-जनुके मात्र अशी अल्पायुषी नसतात. एलआर ३४ हे जनुक शंभर वर्षांहून अधिक काळ गव्हात वापरात आहे व ते अद्याप परिणामकारक राहिले आहे. २००९ साली ते वेगळे काढले तेव्हा असे आढळले की त्याचे प्रथिन ओळख करणारे नाहीच. पेशीपटलातून द्रव्यांची ने-आण करणाऱ्या प्रथिनांच्या कुळातले ते आहे. एलआर ६७ चे प्रथिनही शर्करावाहक प्रथिनाचे बदललेले रूप आहे, हे २०१५ साली कळले. अशी जनुके रोग थांबवीत नाहीत, तर मंदावतात. पुळ्या येतात, पण थोड्या व उशिरा. त्यांचा परिणाम एका विशिष्ट प्रभावकाच्या ओळखीवर अवलंबून नसल्याने एक प्रथिन गाळून कवकाची सुटका होत नाही. एसआर २ हेही असेच मंदगती जनुक. अमेरिकेत मॅकफॅडन ह्याने १९२० च्या सुमारास एमर गव्हातून ते साध्या गव्हात आणले, आणि एमर म्हणजे आपल्या खपलीच्याच जातीचा गहू.

खपलीचे ऋण एवढ्यावरच संपत नाही. खॅपस्टाइनमध्ये ओळखलेल्या जनुकांपैकी एसआर १३ हे २०१७ साली वेगळे काढण्यात आले. ते ओळख करणाऱ्या ग्राहकांपैकी आहे, उष्ण हवेत अधिक प्रभावी ठरते आणि यूजी ९९ ला अटकाव करते. त्यावर मात करणारे वंश इथिओपियात सापडले आहेत, हेही सांगितले पाहिजे. एकाकी जनुक, मग ते कितीही प्राचीन वाणातले असो, वरील नियमातून सुटत नाही. म्हणून आता अनेक जनुके एकाच वाणात एकत्र आणण्याकडे संशोधकांचा कल आहे. पाच प्रतिकार-जनुके एकाच ठिकाणी गुंफलेला गहू २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तयार झाला. एका बीजाणूत पाच स्वतंत्र बदल एकाच वेळी होण्याचा संभव अत्यल्प असतो, हे त्यामागील साधे गणित आहे. ह्या गणिताला एक अट मात्र आहे : त्या पाचांपैकी एकेक जनुक सुटेसुटे इतर वाणांत पेरले जाता कामा नये, नाहीतर कवकाला पाच पायऱ्या एकेक करून चढण्याची सोय होते.

ह्यावरून एक निष्कर्ष निघतो. रेणवीय ज्ञानाने प्रतिकार-जनुके शोधणे सुलभ केले, परंतु ती किती काळ टिकतील हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ते शेतात, कोणी काय व किती क्षेत्रावर पेरले ह्यावर ठरते. प्रतिकार-जनुक हे एका अर्थी सामाईक धन आहे. एकाने निष्काळजीपणे वापरले तर ते सर्वांच्या हातून जाते, आणि एकदा गेलेले सहसा परत येत नाही. जुन्या वाणांचे बी राखणे, पिकांत विविधता ठेवणे व कवकाच्या वंशांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे ही कामे नव्या जनुकाच्या शोधाइतकी गाजत नाहीत. पण त्या शोधाचे फळ पदरात पडावयाचे असेल तर ती टाळता येणार नाहीत.